ठाणे, मुंब्रा, कल्याणहून मुंबई: कुटुंबासोबत दोन दिवसांच्या सफरीची आखणी

आपल्याकडे हजारो घरांत अशी स्थिती आहे की घरातला कमावता माणूस रोज मुंबईला जातो आणि बाकीच्या घराने मुंबई नीट पाहिलेलीच नसते. मुंब्रा, कौसा, भिवंडी, कल्याण, डोंबिवली इथून मुंबई म्हणजे एखादं लग्न, मोठं हॉस्पिटल, पासपोर्टचं काम किंवा ईदची खरेदी. काम झालं की परत. वर्गात मी कधी विचारते, ‘म्युझियम कोणी कोणी पाहिलंय?’ तर चाळीस मुलांत चार-पाच हात वर येतात. पुस्तकात मात्र गेटवे ऑफ इंडियाचा धडा असतो.

मुंबई लांब नाही. ठाणे ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी) हे रेल्वेने ३४ किलोमीटर अंतर आहे आणि कल्याण ते सीएसएमटी सुमारे ५४. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच आली. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. म्हणजे आपण मुंबईशी सर्वात आधी जोडलेली माणसं. अडचण अंतराची नाही, आखणीची आहे. मुलं थकतात, गर्दीची भीती वाटते, नमाज कुठे पढायची, बायकांनी कुठे थांबायचं, हलाल खाणं कुठे मिळेल, खर्च किती होईल, या प्रश्नांतच बेत राहून जातो. या लेखात त्याच प्रश्नांची उत्तरं क्रमाने दिली आहेत.

तीन घड्याळं

मुंबईची सफर तीन वेळापत्रकांवर चालते: रेल्वे, समुद्र आणि नमाज. ही तिन्ही आधी कागदावर मांडली तर बाकीचं आपोआप बसतं.

१) रेल्वे. सकाळी साडेसात ते साडेदहा या वेळात मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत मुलांना घेऊन चढू नये. शनिवारी गर्दी थोडी कमी असली तरी असतेच. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर गर्दीच्या लोकलमधून प्रवासी खाली पडले आणि त्यात जीव गेले, हे आपण कोणीच विसरलेलो नाही. फिरायला जाणाऱ्याला हजेरी गाठायची नसते. त्यामुळे एक तर सातच्या आत गाडी पकडा, नाही तर साडेदहानंतर.

कल्याण, डोंबिवली, ठाणे इथून सुटणाऱ्या गाड्यांत बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. फास्ट लोकल मुंब्रा आणि कळव्याला थांबत नाही. मुंब्र्याच्या कुटुंबाने स्लोने ठाण्याला यावं, तिथून सुटणारी गाडी घ्यावी. दिव्याला काही फास्ट गाड्या थांबतात. भिवंडीकरांनी जवळ पडेल तसं कल्याण किंवा ठाणे स्टेशन गाठावं.

रविवारी मेगाब्लॉक असतो, हे पक्कं लक्षात ठेवा. रुळांच्या दुरुस्तीसाठी मध्य रेल्वे साधारण सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान कुठल्या तरी पट्ट्यात गाड्या वळवते किंवा कमी करते. कुठे आणि किती वाजता, हे शुक्रवार-शनिवारी जाहीर होतं. रविवारचा नियम सोपा: दहाच्या आत पोहोचा आणि पाचच्या सुमारास परत निघा.

पाच वर्षांखालील मुलांना लोकलचं तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं लागतं. तिकीट मोबाइलवर रेलवन अ‍ॅपवरही निघतं, रांग वाचते. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा.

२) समुद्र. हाजी अलीचा रस्ता भरतीच्या वेळी पाण्याखाली जातो. मुलांना घेऊन दुपारी पोहोचावं आणि समोर पाणीच पाणी, असं अनेक कुटुंबांचं होतं. भरतीची वेळ घरी बसून काढता येते. कोकणातल्या जुन्या खलाशांचा हिशोब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, आली ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी आणि रोज ही वेळ जवळपास पाऊण तासाने पुढे सरकते.

भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी नसेल तर आपली चांदची तारीख चालते. ती तिथीपेक्षा एक-दोन दिवस मागे असते, तेवढं धरून घ्या. ढोबळमानाने चांदच्या १ आणि १५ तारखेच्या आसपास भरती दुपारी बारा-एकला येते. हीच उधाणाची भरती, म्हणजे सर्वात मोठी. त्या दिवसांत हाजी अलीला संध्याकाळी जा. चांदच्या ७ आणि २२ च्या आसपास भरती सकाळ-संध्याकाळी येते, तेव्हा दुपार मोकळी असते. हा अंदाज झाला. निघण्याच्या दिवशी वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर नेमकी वेळ पाहून घ्यावी.

३) नमाज. पहिला प्रश्न नेहमी कसरचा येतो. सफरची नमाज कमी करण्यासाठी आपल्याकडचे बहुतेक उलमा सुमारे ७७-७८ किलोमीटर किंवा त्याहून थोडं जास्त अंतर धरतात. कल्याणहूनही मुंबई तेवढी दूर नाही. म्हणजे हनफी असा की कोकणातले शाफई, नमाज पूर्णच पढायची. काही शंका असेल तर आपल्या मस्जिदीच्या इमामसाहेबांना विचारून निघा.

पुरुषांसाठी दक्षिण मुंबईत मस्जिदींची कमतरता नाही. अडचण येते ती बायकांना. सगळ्या मस्जिदींत बायकांसाठी वेगळी जागा नसते, म्हणून तिथे पोहोचून विचारण्यापेक्षा ओळखीच्या माणसाकडून आधी माहिती काढावी. एका रात्रीचा मुक्काम असेल तर खोली मस्जिदीपेक्षा सोयीची पडते. लहान जानमाज आणि पाण्याची बाटली जवळ असू द्या. रस्त्यावर, फुटपाथवर, समुद्राच्या कट्ट्यावर जानमाज टाकून लोकांची वाट अडवू नये. जोहरला वेळ भरपूर असतो आणि मगरिबलाही तासाभराच्या वर वेळ मिळतो, घाईचं कारण नाही.

मुक्काम करायचा की दोन फेऱ्या?

दोन्ही चालतं. ठाणे-मुंब्र्याच्या कुटुंबाने रात्री घरी येऊन रविवारी पुन्हा जाणं स्वस्त पडतं. कल्याण-भिवंडीकरांना आणि ज्यांच्यासोबत आई-वडील किंवा तान्हं मूल आहे त्यांना एक रात्र राहणं बरं. क्रॉफर्ड मार्केट, मोहम्मद अली रोड, डोंगरी या भागात साधी लॉज आणि गेस्ट हाऊस आहेत. फोनवर चार गोष्टी विचारा: कुटुंबाला खोली देतात का, लिफ्ट आहे का, संडास-बाथरूम खोलीत आहे का, आणि चेकआउट किती वाजता. सगळ्या मोठ्या माणसांची ओळखपत्रं मूळ सोबत हवीत. शक्य तर पैसे भरण्यापूर्वी खोली पाहा.

हाच भाग एके काळी हाजींच्या मुक्कामाचा होता. विमानाच्या आधी लोक मुंबई बंदरातून जहाजाने जिद्दाहला जात आणि गावोगावचे हाजी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरत. १९९५ नंतर समुद्रमार्गे हजयात्रा बंद झाली. मुलांना हे सांगा, मग त्या गल्ल्या त्यांना नुसत्या दुकानांच्या वाटणार नाहीत.

शनिवार: सीएसएमटीपासून समुद्रापर्यंत

*सकाळी ८ ते १०.* सीएसएमटीवर उतरल्यावर लगेच बाहेर धावू नका. रस्ता ओलांडून समोरच्या बाजूने ही इमारत पाहा. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, बांधकाम १८७८ ते १८८८, आणि २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. दगडात कोरलेले प्राणी, पक्षी, चेहरे मुलांना मोजायला सांगा.

समोरच अंजुमन-ए-इस्लामची इमारत आहे. १८७४ मध्ये बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन, नाखुदा मोहम्मद अली रोगे आदी मंडळींनी ही संस्था सुरू केली, कारण समाजाची मुलं नव्या शिक्षणात मागे पडत होती. बद्रुद्दीन तय्यबजी पुढे काँग्रेसचे तिसरे अध्यक्ष झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीशही. रोगे हे कोकणी मुसलमान; नाखुदा म्हणजे जहाजाचा मालक-कप्तान. मुंबई फक्त इंग्रजांनी आणि शेटजींनी बांधली असं मुलांना वाटतं. या दारासमोर दोन मिनिटं उभं राहून त्यांना हे सांगण्यासारखं आहे.

नाश्ता इराणी हॉटेलात करा. मेट्रो सिनेमासमोरचं कयानी १९०४ पासून चालू आहे. ब्रून मस्का, मावा केक, पाणी कम चाय, एवढ्यात मुलं खूश होतात.

*१०.१५ ते १२.४५.* छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे जुन्या माणसांचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. सीएसएमटीहून बेस्टची बस किंवा टॅक्सी मिळते. पायाभरणी १९०५, लोकांसाठी खुलं झालं १९२२ मध्ये, वास्तुविशारद जॉर्ज विटेट. घुमट पाहताना ओळखीचा वाटेल, कारण त्याचा नमुना विजापूरच्या गोल घुमटाचा आहे. आत सगळं पाहायला गेलात तर काहीच लक्षात राहणार नाही. तीन दालनं ठरवा: सिंधू संस्कृती, लघुचित्रं आणि शस्त्रं. लघुचित्रांत अकबराच्या काळातल्या ‘अन्वार-ए-सुहैली’ या हस्तलिखिताची पानं आहेत, शस्त्रांत अकबराचं चिलखत आणि ढाल. विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत आहे, शाळेचं ओळखपत्र न्या.

*१२.४५ ते १.३०.* म्युझियमपासून गेटवे ऑफ इंडिया चालत दहा मिनिटं. राजा पंचम जॉर्ज १९११ मध्ये आला त्याची आठवण म्हणून ही कमान बांधली. पायाभरणी १९१३, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४, आणि वास्तुविशारद पुन्हा विटेटच. कमानीची धाटणी गुजरातच्या सोळाव्या शतकातल्या बांधकामावरून घेतलेली आहे. जी कमान इंग्रजांच्या स्वागताला बांधली, तिच्यातूनच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण बाहेर पडली. इतिहासाचा अर्धा धडा इथेच होतो.

*१.३० ते ४.* टॅक्सीने क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला या. शेख मेमन स्ट्रीटवरच्या जामा मस्जिदीत जोहर पढा. पुरुष आणि मुलगे आत असताना बायका क्रॉफर्ड मार्केटमध्ये थांबू शकतात. ही मस्जिद एका तलावावर उभी आहे. जागा कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची होती. मस्जिद बांधा, पण तलाव जसाच्या तसा राहिला पाहिजे, या अटीवर त्याने ती दिली. काम १७७५ मध्ये सुरू झालं, १८०२ मध्ये पूर्ण झालं. आजही वजूची जागा म्हणजे झऱ्याच्या पाण्याचा तो तलावच. त्यात मासे फिरतात आणि काळ्या दगडी कमानींवर वरची इमारत तोललेली आहे. अडीचशे वर्षांपूर्वी पाणी वाचवण्याची अट घालणारा माणूस आपल्यातलाच होता.

क्रॉफर्ड मार्केट म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ ची. वास्तुविशारद विल्यम इमर्सन. दारावरची शेतकऱ्यांची शिल्पं लॉकवुड किपलिंग यांची. समोरच्या बादशाहचा फालुदा १९०५ पासून प्रसिद्ध आहे. दुपारचं जेवण इथून भेंडी बाजारापर्यंत कुठेही करता येतं.

जवळच्या ‘मस्जिद’ स्टेशनच्या नावाचीही एक गंमत आहे. ते नाव आपल्या मस्जिदीवरून नव्हे, तर सॅम्युएल दिवेकर या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएली गृहस्थाने १७९६ मध्ये बांधलेल्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून आलं, असं सांगतात. आजूबाजूचे लोक त्यालाही मशीदच म्हणत.

*४ नंतर.* दोन-अडीच तास विश्रांती किंवा मोहम्मद अली रोडवर फेरफटका. असर मिनारा मस्जिदीत पढता येते. भेंडी बाजारातली मुगल मस्जिद, म्हणजे इराणी मस्जिद, १८६० मध्ये हाजी मोहम्मद हुसेन शिराझी यांनी बांधली. तिच्या निळ्या फरशा रस्त्यावरूनही डोळ्यांत भरतात.

सूर्यास्ताला मरीन ड्राइव्ह गाठा. समुद्र पश्चिमेला, समोर बुडणारा सूर्य, मागे १९३०-४० च्या काळातल्या आर्ट डेको इमारती, ज्या २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्या. इथे तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही. दमलेल्या आईला तासभर काहीही न करता बसायला मिळणं, हा या सफरीचा सर्वात मोठा फायदा मी मानते. मुलांना कट्ट्याच्या पलीकडच्या सिमेंटच्या त्रिकोणी दगडांवर उतरू देऊ नका. पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी तर कट्ट्यापासूनही लांब राहा.

रविवार: भायखळा आणि हाजी अली

रविवारचा भाग भायखळ्यापासून सुरू करा. हे मध्य रेल्वेवरचं स्टेशन आहे, गाडी बदलावी लागत नाही.

*९.३० ते १२.३०.* वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे राणीची बाग. एकोणिसाव्या शतकातली ही बाग प्राण्यांइतकीच जुन्या झाडांसाठी पाहावी. पेंग्विन २०१७ पासून लोकांना पाहता येतात. लहान मुलं असतील तर आधी पेंग्विन उरका, उशिरा रांग वाढते. दारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ मध्ये सुरू झालेलं, मुंबईतलं सर्वात जुनं. जुन्या मुंबईचे नकाशे, बोटी, कारागिरांच्या छोट्या मातीच्या प्रतिकृती तिथे आहेत. तासाभरात पाहून होतं.

भायखळ्यातच खिलाफत हाऊस आहे. १९१९ मध्ये सुरू झालेल्या खिलाफत चळवळीचं हे केंद्र. अली बंधू आणि गांधीजी यांची नावं या वास्तूशी जोडलेली आहेत. ईद-ए-मिलादचा मोठा जुलूस आजही इथूनच निघतो.

*१२.३० ते २.* जोहर आणि जेवण नागपाड्यात. भायखळ्याहून टॅक्सीने काही मिनिटं.

*२ नंतर.* आता समुद्राचं घड्याळ पाहा. ओहोटी असेल तर हाजी अली आधी, भरती असेल तर नेहरू विज्ञान केंद्र आधी. दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून जवळ आहेत.

हाजी अली दर्गा वरळीच्या खाडीत, किनाऱ्यापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर आहे. पीर हाजी अली शाह बुखारी यांची ही मजार पंधराव्या शतकातली मानली जाते. ज्या घरांत दर्ग्यावर जात नाहीत, तेही समुद्रातली ती वाट आणि इमारत पाहायला येतात. तो ज्याचा त्याचा प्रश्न. एक गोष्ट बायकांना ठाऊक असावी. मजारीच्या आतल्या भागात महिलांना काही वर्षं मनाई होती. मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी ती रद्द केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून महिला आत जातात. कोणी अडवलं तर हे माहीत असलेलं बरं. वाटेवर चादर-फुलं विकणारे मागे लागतात. नको असेल तर शांतपणे नाही म्हणून पुढे चला, कुणाच्या आग्रहाने पैसे देणं बंधनकारक नाही.

नेहरू विज्ञान केंद्र १९८५ मध्ये सुरू झालं. हात लावून पाहण्याची साधनं असल्यामुळे आठवी-नववीची मुलं इथे दोन तास सहज रमतात. भूमिगत मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत सुरू आहे. तिचं ‘सायन्स सेंटर’ स्टेशन जवळच आहे आणि तीच गाडी सीएसएमटीला नेते. परतीला हा रस्ता उत्तम. दादरला लोकलमध्ये चढण्याची झटापट करण्यापेक्षा सीएसएमटीला गाडीच्या सुरुवातीला बसून यावं.

पुढच्या खेपेसाठी

एका सफरीत सगळं कोंबू नका. ही तीन ठिकाणं दुसऱ्या वेळी ठेवा.

माहीमला मखदूम अली माहिमी यांचा दर्गा. १३७२ ते १४३१ हा त्यांचा काळ. कोकणच्या मातीतले हे आलिम, कुरआनची अरबी तफ्सीर लिहिणारे. ती तफ्सीर-ए-रहमानी नावाने ओळखली जाते. त्यांच्या उरुसात मुंबई पोलिसांचा संदल निघतो.

गवालिया टँक, म्हणजे ऑगस्ट क्रांती मैदान, जिथे ८ ऑगस्ट १९४२ रोजी ‘भारत छोडो’चा ठराव झाला. इंग्रजीतली ‘क्विट इंडिया’ ही घोषणा युसूफ मेहेरअली यांनी दिलेली. ते तेव्हा मुंबईचे महापौर होते. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात जिथे उतरत ते मणिभवन तिथून चालत जवळ आहे.

घारापुरीची लेणी, १९८७ पासून जागतिक वारसा. गेटवेवरून बोटीने तासभर, वर शंभराहून जास्त पायऱ्या. म्हणून त्याला वेगळा दिवस हवा. १८ डिसेंबर २०२४ च्या बोट दुर्घटनेनंतर लाइफ जॅकेटचा आग्रह धरला जातो. मुलांच्या मापाचं जॅकेट अंगात आल्याशिवाय बोट सुटू देऊ नका, हा तुमचा हक्क आहे.

खाणं आणि खर्च

फोर्ट-कुलाब्यात हलालबद्दल विचारून घ्यावं लागतं. क्रॉफर्ड मार्केटपासून नागपाड्यापर्यंत हा प्रश्न येत नाही. भेंडी बाजारात नल्ली निहारी, नागपाड्यात सीख कबाब, मिनारा मस्जिदीच्या गल्लीत मालपुवा आणि फिरनी, बोहरी मोहल्ल्यात १८८७ पासूनचं हाताने घुसळलेलं ताज आइस्क्रीम. रमजानच्या रात्रीची रौनक पाहायची असेल तर पहिल्या अशऱ्यात, शनिवार-रविवार सोडून जा. शेवटच्या दहा रात्री लहान मुलांना घेऊन तिथे पाय ठेवायला जागा नसते.

पैसे वाचतात ते दोन ठिकाणी. एक, सकाळचा डबा आणि पाणी घरून न्या, हॉटेलात एकच मोठं जेवण करा. दोन, वाहन. सायन आणि माहीमच्या पुढे दक्षिणेकडे रिक्षा नाही, तिथे टॅक्सी, बस किंवा मेट्रो. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये. काळी-पिवळी टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये. चौघांना थोड्या अंतरासाठी बसपेक्षा टॅक्सी महाग पडत नाही, फक्त मीटर टाकायला सांगा. हे दर आणि प्रवेश तिकिटं बदलत असतात, निघण्याच्या आदल्या दिवशी एकदा पाहून घ्या.

सुट्टी पाहून निघा

शनिवार-रविवारी बहुतेक ठिकाणं उघडी असतात. घोटाळा होतो तो ईद किंवा दिवाळीच्या सुट्टीत, अधल्यामधल्या दिवशी गेल्यावर.

- राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय: बुधवारी बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी असते आणि दुसऱ्या दिवशी बंद.
- घारापुरी आणि नेहरू तारांगण: सोमवारी बंद.
- चोर बाजार: शुक्रवारी बंद.
- क्रॉफर्ड मार्केट: रविवारी बरीच दुकानं बंद, म्हणून ते शनिवारीच.
- तारापोरवाला मत्स्यालय: इमारत धोकादायक ठरल्याने बंद. जुन्या आठवणीवर मुलांना शब्द देऊ नका.

मुलं, वृद्ध आणि सुरक्षितता

लोकलमध्ये कुटुंब दोन डब्यांत विभागलं जातं. चढण्याआधीच ठरवा की कोणतं मूल कोणाबरोबर आणि सगळे उतरणार कुठे. प्रत्येक मुलाच्या खिशात नाव आणि आई-वडिलांचे दोन मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. प्रत्येक ठिकाणी पोहोचल्यावर भेटण्याची एक खूण दाखवा: ‘हरवलास तर या घड्याळाखाली उभा राहायचं, हलायचं नाही.’ रेल्वे मदतीसाठी १३९, पोलिसांसाठी ११२, मुलांसाठी १०९८, हे नंबर मोठ्या मुलांना पाठ असू द्या.

अम्मी-अब्बा किंवा नाना-नानी सोबत असतील तर दिवसाला दोनच ठिकाणं घ्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी म्युझियम आणि मरीन ड्राइव्ह सोपं, घारापुरी कठीण. औषधं एका वेगळ्या छोट्या पिशवीत, हाताशी. संडासाची सोय सीएसएमटी, दोन्ही संग्रहालयं, राणीची बाग आणि विज्ञान केंद्रात आहे. बाहेर पडण्यापूर्वी सगळ्यांना एकदा जाऊन यायला सांगा.

मौसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वात चांगला. एप्रिल-मेच्या सुट्टीत गेलात तर दुपारचे तास म्युझियममध्ये घालवा आणि उघड्यावरची ठिकाणं सकाळ-संध्याकाळी ठेवा. पावसाळ्यात बोटी आणि हाजी अली वगळून बेत आखा.

शेवटचं एक काम निघण्याच्या आदल्या रात्री. मुलांना घरातल्या सर्वात मोठ्या माणसाजवळ बसवा आणि विचारायला सांगा: आपल्या घरातून मुंबईत पहिल्यांदा कोण आलं, कशाने आलं, पहिली रात्र कुठे काढली? कोकणातल्या बऱ्याच घरांत उत्तर येईल, बोटीने, भाऊच्या धक्क्याला. कोणी डोंगरीच्या खोलीत दहा जणांसोबत राहिलेलं असेल, कोणी गोदीत, कोणी गिरणीत. ती जागा वहीत लिहून घ्या आणि जमलं तर सफरीच्या यादीत बसवा. त्या जागेला तिकीट लागत नाही आणि तिचा पत्ता कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही.